पोराचा कान की गिटारच्या खुंट्या?

मागच्या भीमजयंतीला रावेरात आमच्या गायन पार्टीचा कार्यक्रम रंगात आला होता आणि तिसऱ्याच गाण्याला गिटार बेसूर झाली. समोर बसलेले एक शिकलेले पाहुणे म्हणाले, "पोराला कानच नाही." पोरगा केळीचे घड वाहून कॉलेज शिकतो, सात हजारांची इलेक्ट्रिक गिटार त्याने त्याच मजुरीतून घेतली. तो गप्प राहिला. आम्हाला मात्र झोप आली नाही. हे वाक्य आम्ही शाळेत आणि नोकरीच्या मुलाखतीतही ऐकलं आहे. साधन निकृष्ट द्यायचं आणि खोट माणसाच्या गुणवत्तेत काढायची.

दुसऱ्या दिवशी गिटार उघडूनच बसलो. खुंट्यांच्या दात्यांत ढिलाई होती, म्हणजे तार लावली तरी ती सरकणारच. मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या नटमध्ये तार अडकत होती. खुंटी पिळली की आधी काहीच नाही, मग 'टिक' करून सूर एकदम उडी मारायचा. तिसरा घोटाळा ब्रिजच्या दांडीचा. हा ब्रिज मागच्या स्प्रिंगांच्या ताणावर तरंगतो. एक तार उतरली की बाकीच्या चढतात. सांगा, यात कानाचा काय दोष?

दांडीचा इलाज फुकटात झाला. सुताराकडून लाकडाचा ठोकळा घासून घेतला आणि ब्रिज जागेवर पक्का केला. खुंट्या मात्र विकतच घ्याव्या लागल्या. (मागवण्याआधी भोक मोजा. बंद गिअरच्या खुंट्यांना बहुधा १० मिलिमीटरचं भोक लागतं, आमचं लहान होतं. पुन्हा सुतार.) पैसे जयंतीच्या वर्गणीतून घेतले, त्यावरही कुरबुर झाली.

खरा वाद झाला नटवरून. चांगला नट हाडाचा, बहुतेकदा म्हशीच्या. हे ऐकून वस्तीतले एक आजोबा उठलेच. "मेलेली ढोरं ओढणं आम्ही कशासाठी सोडलं, पोरांनो? आता पैसे देऊन हाड घरात आणता?" १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितलं, त्या पिढीचं रक्त आजोबांत आहे. आम्ही म्हणालो, आजोबा, तेव्हा ते जन्माने गळ्यात मारलेलं काम होतं, आज आम्ही निवडतो आहोत. आमचा मुद्दा आम्हाला अजूनही बरोबर वाटतो. पण हलगी ज्यांनी जाणीवपूर्वक खाली ठेवली, त्यांच्यापुढे पुस्तकी समाजशास्त्र फार चालत नाही. शेवटी ग्रॅफाइट मिसळलेला कृत्रिम नट बसवला. तो गुळगुळीत असतो, तार अडकत नाही. आजोबा खूश, गिटारही खूश.

"गिटार आपली कशाला? ढोलकी-पेटी पुरे," असंही काही जण म्हणाले. चेन्नईत २०१७ मध्ये पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' उभा राहिला. तिथे गाना आणि रॅपच्या जोडीला इलेक्ट्रिक गिटार वाजते. गिटार कुणाच्याच वाट्याला जातीने आलेली नाही, आम्हाला तर तेच आवडतं.

मग नव्या तारा चढवल्या. बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवली आणि तिथेच हलक्या स्पर्शाचा सूर काढला. दाबलेला सूर चढा निघाला म्हणून ब्रिजवरचा आधार स्क्रूने थोडा मागे घेतला. दोन्ही सूर जुळेपर्यंत पोराने सहाही तारांवर हे केलं, कानाने.

येत्या १४ ऑक्टोबरला त्याच चौकात कार्यक्रम आहे. त्या पाहुण्यांना पहिल्या रांगेचं निमंत्रण पोरानेच नेऊन दिलं.