मुंबईची पहिली पायरी

मुंबई स्वस्त होती असा एकही काळ मला ठाऊक नाही. माझे आजोबा कणकवलीजवळच्या गावातून लालबागला आले, तेव्हाही गिरणीच्या पगारात बिऱ्हाड करणं परवडत नव्हतं. म्हणून आजी गावीच राहिली. भात लावायची, सासू-सासऱ्यांचं करायची, मनिऑर्डरची वाट बघायची. आजोबा गणपतीला नाहीतर शिमग्याला यायचे. मुलं त्यांना आधी बुजायची, आणि ती मोकळेपणानं मांडीवर बसू लागेपर्यंत परतीची बोट धरायची वेळ झालेली असायची. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांनी मुंबईचं भाडं असं भरलं आहे. अण्णा भाऊ साठे लहानपणी वाटेगावहून घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईत आले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड गाजली, ती उगाच नव्हे. मैदानात बसून ऐकणाऱ्या हजारो गड्यांची मैना खरोखरच गावावर राहिलेली होती.

तरीही माणसं आली, टिकली. शहरात शिरायला एक पायरी होती म्हणून. ती पायरी म्हणजे गावाची खोली. गिरणगावात एकेका गावानं मिळून भाड्यानं घेतलेल्या खोल्या असत. खोली जेमतेम दहा बाय बाराची, आणि राहणारे वीस-वीस, तीस-तीस. दिवसपाळीचे उठून गेले की रातपाळीहून आलेले त्याच जागेवर आडवे व्हायचे. ट्रंका भिंतीशी, वळकट्या दोरीवर. नव्यानं आलेल्या पोराकडे कुणी डिपॉझिट मागत नसे; त्याला कामाला कुठे चिकटवायचं याचाच विचार आधी व्हायचा. शेजारी खानावळवाली बाई असे. ती महिनाभर जेवू घालायची आणि पगार झाला की पैसे घ्यायची. या बायका स्वतः सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गोव्याच्या ख्रिस्ती गावांचीही अशीच सोय होती. धोबीतलाव, चिरा बाजार भागात त्यांचे ‘कूड’ होते. बोटीवर नोकरी करणारा गोंयकार दोन सफरींच्या मधल्या दिवसांत तिथे उतरायचा, संध्याकाळी सगळ्यांबरोबर प्रार्थनेला बसायचा. त्यातले काही कूड अजून चालू आहेत.

त्या दिवसांचं मी गुणगान करत नाही. त्या कोंदट खोल्यांतून क्षय पसरला. गिरणीत विणखात्याचा पगार चांगला होता, पण तिथे दलितांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. मात्र ज्या शहरात ही भिंत होती, त्याच शहरात परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले. परदेशातलं शिक्षण पुरं करून ते याच चाळीत परतले, महाडच्या सत्याग्रहाच्या काळातही त्यांचं बिऱ्हाड इथेच होतं. मुंबईनं गावाइतकंच नाडलंही आहे, आणि गावात मिळाली नसती अशी वाटही दिली आहे. या दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवूनच इथे यायचं की नाही ते ठरवावं.

हे सगळं आज मनात दाटून येण्याचं कारण माझी भाची. ती कणकवलीत एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि तिला परळच्या एका रुग्णालयात नोकरी आली आहे. पगार जवळजवळ दुप्पट. “मामा, येऊ का?” एवढंच तिनं विचारलं.

पगार दुप्पट म्हणजे फायदा दुप्पट, हा हिशेब मुंबईत टिकत नाही, हे मी तिला आधी सांगितलं. परळ-दादरला वन बीएचकेचं भाडं तिच्या आख्ख्या पगाराला पुरून उरेल. एकटीनं राहायचं तर कॉट बेसिस: एक कॉट, अर्धं कपाट, स्वयंपाकघर वापरायला मिळालं तर नशीब. त्यावर डिपॉझिट, एजंटला एका महिन्याचं भाडं आणि अकरा महिन्यांचा करार. करार संपला की भाडं वाढणार, नाहीतर बोचकं उचलून पुन्हा शोध. आणि जागा बघायला गेलं की पहिला प्रश्न आडनावाचा. मग नॉनव्हेज खाता का, एकट्याच का, भेटायला कोण येणार, रात्री किती वाजता परत येणार. मुसलमान मुलीला तर फोनवरच जागा गेल्याचं कळतं. याची मला मनापासून चीड आहे. पूर्वीच्या खोलीत जातीचा, गावाचा आसरा तरी होता. आता गावही नाही आणि मोकळीकही नाही, अशा दारात नवं माणूस उभं असतं.

मग लोक लांब जातात. बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, विरार. भाडं निम्म्याहून कमी होतं, घराला खिडकी मिळते, कधी खिडकीतून डोंगरही दिसतो. पण बदलापूरहून दादरला फास्ट मिळाली तरी तासाहून जास्त वेळ जातो. त्याआधी घर ते स्टेशन, त्यानंतर स्टेशन ते कामाची जागा. जाऊन येऊन दिवसाचे चार तास सहज संपतात. बसायला मिळावं म्हणून माणसं उलट्या दिशेनं जाऊन त्याच गाडीनं रिटर्न येतात, त्यात आणखी वेळ. आणि या लोकलच्या मार्गांवर अलीकडेही वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसांचा जीव जातो, कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून निसटून. स्वस्त घराचं उरलेलं भाडं आपण त्या चार तासांत भरत असतो. त्यातच वाचन जातं, झोप जाते, मुलांचा अभ्यास घेणं जातं, आईला निवांत फोन करणंही जातं. म्हणून माझं मत पक्कं आहे. एकटं माणूस असेल तर जागा लहान घ्यावी, पण कामाजवळ घ्यावी. सगळंच जमत नसेल तेव्हा फुटांपेक्षा तास वाचवावेत.

मग यायचं कशासाठी? पैसे साठवायला तर नक्कीच नाही. गावात घरचं घर आणि परसातली भाजी असताना महिनाअखेर जे उरतं, ते इथे कित्येक वर्षं उरत नाही. भाचीनं यावं असं मला वाटतं ते दुसऱ्याच कारणांनी. परळला एका हाकेच्या अंतरावर १९२६ चं केईएम आहे, १९४१ चं टाटा रुग्णालय आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून तिथे रोगी येतात, आणि जागा न मिळालेली कुटुंबं पदपथावर चूल मांडून राहतात. कणकवलीच्या लॅबमध्ये जे नमुने वर्षा-दोन वर्षांत एखादवेळी दिसतील, ते इथे तिच्या हाताखालून रोज जातील. हातात कसब असलेल्या माणसाला असं शिकायला मिळणं, त्याचा भाव पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाही. संध्याकाळी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. शिवाजी मंदिरला नाटक आहे. आणि रात्री साडेदहाला ती एकटी स्टेशनातून बाहेर पडेल, तेव्हा “कुठे गेली होतीस गं?” असं कुणी विचारणार नाही. लहान गावात वाढलेल्या मुलीला हे किती मोठं वाटतं, ते तिच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही.

गावाकडे तिची आई, माझी ताई, एकटी राहील. तिचे गुडघे दुखतात, आणि डॉक्टरकडे तिला भाचीच नेते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तेव्हापासून रात्री कोकणकन्येत बसलं की सकाळी कणकवलीला उतरता येतं; आजोबांच्या वेळच्या मानानं हे केवढं सुख आहे! पण दुखणं रात्री दोनला उठलं तर सकाळची गाडी काय कामाची? याच्या समोरच्या पारड्यात टाकायला माझ्याकडे वजन नाही. ताईच म्हणाली, “जाऊ दे तिला.” म्हणून मीही हो म्हणालो.

पण मुंबईच्या बाबतीत एक दुःख राहतंच. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या धडधडल्या नाहीत. उरली ती जमीन. १९९१ च्या नियमात तिचे तीन वाटे ठरले होते: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाचा. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या तुकड्यांपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. शहराच्या मधोमध साध्या माणसांसाठी घरं आणि वसतिगृहं उभारायची संधी अशी निसटली. आज लालबाग-परळला टॉवर आहेत, त्यांच्या तळाशी गाड्यांचे मजले आहेत, आणि नव्यानं येणाऱ्या परिचारिकेला, टेक्निशियनला, डिलिव्हरीच्या पोराला उतरायला एक खोली नाही. शहर महाग असतंच. पहिली पायरीच काढून घेणं मात्र माणसांनी केलेलं काम आहे, आणि माणसांनाच ते बदलता येईल.

भाची पुढच्या महिन्यात येईल. जागा मिळेपर्यंत आमच्या घरी राहील. मुंबईत ज्यांचं स्वतःचं घर आहे, त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमचेही आजोबा कधीतरी कुणाच्या खोलीत वळकटी टाकून राहिले असतील. एखादी खोली रिकामी असेल तर ती गावाहून येणाऱ्या पोरापोरींना रास्त भाड्यानं द्या, आडनाव न विचारता द्या. आणि तुमच्या सोसायटीच्या सभेत एकट्या मुलामुलींना जागा न देण्याचा ठराव आला, तर त्याच्या विरोधात हात वर करा.