तारण: एकदा मिळालं की कायमचं?

आमच्या धामणगाव बढेमध्ये ‘तारण’ म्हटलं की शेतकऱ्याला आधी बँक आठवते. कर्ज हवं तर तारण द्या. हप्ते थकले तर तारण दिलेलं हातचं जातं. मराठी बायबलमध्ये हाच शब्द वेगळ्या अर्थानं येतो. उर्दूत आपण ज्याला नजात म्हणतो ती, पापापासून सुटका. मग मनात येतंच, हप्ते थकले तर हे तारणही जातं का? एकदा तारण पावलेला ख्रिस्ती माणूस ते गमावू शकतो का?

बी.एड.ला माझ्यासोबत असलेल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीसाठी हा प्रश्न घरातला झाला आहे. तिच्या तरुण मुलानं चर्चला जाणं सोडलं, प्रार्थना सोडली. नातेवाइकांत दोन तट पडले. काही म्हणतात, लहानपणी मनापासून विश्वास धरला होता, देव त्याला सोडणार नाही. काही म्हणतात, स्वतःहून पाठ फिरवली, आता तो आपला राहिला नाही. ती फोनवर म्हणाली, “भाई, तुमच्यात याला काय म्हणतात?”

आधी मी त्यांच्यात काय म्हणतात ते वाचलं. दोन्ही तटांना बायबलमध्ये आधार आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, येशू सांगतात की माझ्या मेंढरांना माझ्या हातून कोणी हिसकावून घेणार नाही. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मात्र कडक इशारा आहे: प्रकाशाची चव घेऊन जे मागे फिरले, त्यांना पुन्हा वळवणं अशक्य. यावरून युरोपात मोठे वाद झाले. 1618-19 मध्ये हॉलंडमधल्या डॉर्ट इथल्या धर्मसभेनं कॅल्व्हिनच्या परंपरेला धरून ठरवलं की देवानं निवडलेला माणूस शेवटपर्यंत टिकतोच. अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी उलट सांगितलं, माणूस कृपेतून घसरू शकतो. कॅथलिक म्हणतात, गंभीर पापानं कृपा जाते, पण पश्चात्ताप आणि पापकबुलीनं परत मिळते. महाराष्ट्रात स्कॉटिश मिशन आलं, मेथडिस्ट आले, वसईत कॅथलिक होतेच. म्हणजे या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं मराठी ख्रिस्ती घरांतही पोचली.

मला या संदर्भात पंडिता रमाबाई आठवतात. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर त्या प्रश्न विचारू लागल्या, तेव्हा त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना ही बाई वाट चुकतेय अशी काळजी लागली. दोघींचा पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे. त्यात माया आहे आणि दटावणीही आहे. इकडे पुण्यात 1893 मध्ये उलटीच ओरड झाली. शारदा सदनातल्या मुलींना ख्रिस्ती केलं जातंय म्हणून पालकांनी मुली काढून नेल्या. तिकडे त्या पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या, इकडे फारच ख्रिस्ती होत्या. खुद्द रमाबाईंनी पुढे लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मधल्या वर्षांत कोणी त्यांचा हिशेब बंद केला असता तर? केडगावच्या मुक्ती मिशननं पुढे दुष्काळातल्या किती निराधार बायका-मुलींना आसरा दिला!

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्यातही हा वाद जुना आहे. खारिजींनी म्हटलं, मोठा गुनाह केला की माणूस इस्लामबाहेर. मुर्जिआंनी म्हटलं, निवाडा अल्लाहवर सोडा. मुअतझिलांनी मधली जागा काढली. अहले सुन्नतची भूमिका अशी ठरली की गुन्हेगार मुसलमान मुसलमानच राहतो. गुनाह हा गुनाहच, माफी किंवा सजा अल्लाहच्या हाती. पण ईमान कायमचं नावावर झालं, असंही आपण मानत नाही. म्हणून तर दिल सरळ वाटेवरून ढळू देऊ नकोस अशी दुआ कुरआननंच शिकवली, आणि आपल्या घरातली म्हातारी माणसं ‘खात्मा ईमानवर होवो’ एवढंच मागतात. खौफ आणि उमेद, दोन्ही हवेत.

मी मैत्रिणीला हेच सांगितलं. म्हटलं, गेलं की नाही हे सांगायचा हक्क ना तुझ्या नातेवाइकांना, ना मला. दार मात्र उघडं ठेव, जेवायला हाक मार.

ईमान सोडणं किरकोळ गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. आई म्हणून तिला होणारं दुःख खरं आहे, मला झालं असतं. पण दोन्ही धर्मांच्या किताबांत इशाराही आहे आणि दिलासाही. इशारा स्वतःसाठी वाचावा आणि दिलासा दुसऱ्यासाठी. आपण नेमकं उलट करतो. स्वतःच्या चुकलेल्या नमाजांसाठी अल्लाह रहीम आहे, आणि शेजाऱ्याच्या चुकलेल्या नमाजांसाठी जहन्नम तयार आहे! चौकात चहा पिता पिता आपण कोणालाही काफिर ठरवतो, फिरका बघून कोणाची जनाजाची नमाज पढायची ते ठरवतो. शाळेचं हजेरीपुस्तक माझ्या हातात असतं, तिथं एखादं मूल चार दिवस आलं नाही तर मी आधी घरी निरोप पाठवतो. नाव लगेच कापत नाही. बंद्यांचं हजेरीपुस्तक तर आपल्या हातात दिलेलंच नाही.