ताईचे पास

वॉटर पोलो एकट्याने शिकता येत नाही. पोहणं येतं. रोज पहाटे तलावावर जाऊन राउंड मारत राहिलं की दम वाढतो, वेळ कमी होत जाते. पण खोल पाण्यात एका हाताने बॉल झेलायला शिकायचं, तर समोर कुणीतरी हवं, आणि तेही नेमकं फेकणारं. नवख्याला पास देण्यासारखं कंटाळवाणं काम नाही. बॉल त्याच्या बोटांना लागून उडतो, लांब जातो, पोहत जाऊन आणावा लागतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. ज्याला स्वतःचा खेळ वाढवायचाय, त्याने हे का करावं? मला ते करणारी एक मुलगी भेटली, म्हणून मी खेळाडू झाले. आम्ही सगळ्या तिला नुसतं ताई म्हणायचो.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. दादरला शिवाजी पार्कजवळच्या महापालिकेच्या महात्मा गांधी तलावावर मी पोहायला जायचे. फ्रीस्टाईलची वेळ काही केल्या उतरेना, तेव्हा सरांनी मला वॉटर पोलोच्या बॅचमध्ये पाठवलं. तिथे मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. गोलकीपर धरून सात जणींचा संघ लागतो. आमच्या दोन बाजू कधीच व्हायच्या नाहीत, म्हणून मुलांबरोबर खेळायचं. पुरुषांचं वॉटर पोलो 1900 सालापासून ऑलिंपिकमध्ये आहे. आमच्या हातात बॉल आला तेव्हा मुलींचं मात्र अजून नव्हतं. भारताने 1951 साली दिल्लीच्या पहिल्याच आशियाई स्पर्धेत वॉटर पोलोचं सुवर्णपदक जिंकलं होतं, हेही मला ताईने सांगितलं. ती कॉलेजला होती आणि राज्याच्या संघात जागा मिळवायच्या खटपटीत होती. म्हणजे तलावावरचा प्रत्येक तास तिला स्वतःसाठी हवा होता.

तिने आधी माझे पाय घडवले. वॉटर पोलोत तळाला पाय टेकवायचे नाहीत, कठड्याला धरायचं नाही, आणि हात बॉलसाठी मोकळे ठेवायचे. सगळा भार एगबीटर किकवर. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही पाय एकदम मारतात. इथे ते आळीपाळीने, एकमेकांच्या उलट दिशेने गोल फिरवायचे, ताकात रवी फिरावी तसे, न थांबता. ताई मला कठड्यावर बसवायची, स्वतः पाण्यात उभी राहायची आणि माझे घोटे हातात धरून फिरवायची. पाऊल बाहेर वळलं पाहिजे, गुडघे फाकलेले पाहिजेत, मांड्या पाण्याच्या पातळीकडे उचललेल्या पाहिजेत. पाऊल आत वळलं की ती बोटांनी दाबून परत बाहेर वळवायची. मग खोल पाण्यात, दोन्ही हात कोपरापर्यंत बाहेर. काही सेकंदांत हनुवटी पाण्यात जायची. ती समोर, माझ्याच उंचीवर येऊन, स्वतःचेही हात वर धरून थांबायची. मी हात खाली घेईपर्यंत तिनेही घेतले नाहीत.

आणि मग पास. आमच्याकडचा पिवळा बॉल वापरून वापरून गुळगुळीत झालेला, ओला झाला की निसटायचा. झेलताना हात ताठ ठेवला की बॉल तळव्यावर आपटून उडतो. बोटं पसरायची, कोपर पाण्याच्या वर ठेवायचं, आणि बॉल बोटांना लागताक्षणी हात मागे न्यायचा, इतका की झेलणं आणि फेकायची तयारी एकाच हालचालीत व्हावी. ऐकायला सोपं वाटतं. पण हे हाताला कळतं ते चांगल्या पासमधूनच. वाईट पासवर नवखा फक्त धडपडतो, शिकत नाही. ताईचा पास उजव्या कानाच्या किंचित मागे, हातभर वर यायचा. प्रत्येक वेळी तिथेच. माझा हात चुकीच्या जागी असला तरी बॉल बरोबर जागी यायचा, आणि त्यामुळे हाताला जागा कळायची. उडालेला बॉल आणायला बरेचदा तीच जायची, डोकं वर काढून, बॉल दोन हातांच्या मध्ये ठेवून ड्रिबल करत परत यायची. सरावाची शिट्टी वाजली की बाकीचे घरी जायचे. तलावाचा माणूस ओरडेपर्यंत आमचं चालायचं.

घरचीही बाजू तिनेच सांभाळली. बाबांना पोहणं चालत होतं; मुलांबरोबर, धक्काबुक्कीचा, कपडे ओढाओढीचा खेळ चालत नव्हता. त्यात दहावी तोंडावर. ताई एका रविवारी घरी आली. आईने केलेले कांदेपोहे खाल्ले, आणि बाबांना नियम समजावून सांगितले: पंच सामन्याआधी प्रत्येकीची नखं तपासतात, कानांवर प्लॅस्टिकच्या वाट्या असलेली टोपी असते, बॉल हातात नसलेल्या खेळाडूला धरलं तर धरणारीला काही सेकंद बाहेर काढतात. कॉश्च्यूम एकावर एक दोन घालायचे, हे तिने आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. शेवटी म्हणाली, ‘‘काका, तिला स्टेशनपर्यंत मी सोडत जाईन.’’ आणि सोडत गेली. तिची गाडी उलट दिशेची होती.

त्या वर्षी राज्याच्या संघात तिची निवड झाली नाही. कारणं अनेक असतील. पण रोजच्या त्या जादा वेळात तिने माझ्याऐवजी स्वतःचे शॉट मारले असते तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून कधीच गेलेला नाही. तिला तो बोलून दाखवला तेव्हा ती चिडली. ‘‘पास देऊन देऊनच माझा पास सुधारला,’’ एवढंच म्हणाली. ते खरंही आहे. पण ते संपूर्ण उत्तर आहे, असं मी मानत नाही.

23 सप्टेंबर 2000 ला सिडनीत महिलांची पहिली ऑलिंपिक फायनल झाली. ऑस्ट्रेलियाच्या यव्हेट हिगिन्सने अवघे 1.3 सेकंद उरले असताना गोल मारला आणि अमेरिकेला 4-3 असं हरवलं. ताई ते सांगत तलावावर आली तेव्हा तिचा आवाज चढला होता. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी हिगिन्ससारखे लांबूनच शॉट मारले. सरांनीही अडवलं नाही.

आता रविवारी सकाळी मी लहान मुलांना शिकवते. त्यांच्यासाठी बॉल छोटा असतो, मैदान आखूड करता येतं. पालक विचारतात, सुरुवात कधी करावी? मूल दोनशे मीटर न थांबता पोहू शकलं आणि खोल पाण्याला घाबरत नसलं, की पुरे, असं मी सांगते. बाकीचं तलावात होतं. त्यांना एक विनंतीही करते. क्लब निवडताना कपाटातले चषक मोजू नका. सरावाला बसून बघा, की नव्या मुलांना पास कोण देतंय. मोठी मुलं आपापसात खेळत असतील आणि नवी कडेला एकमेकांकडे बॉल उडवत असतील, तर दुसरीकडे चौकशी करा. मी माझ्या मोठ्या मुलामुलींना सरावातला ठरावीक वेळ नव्यांबरोबर घालवायला लावते. काही जण तोंडं वाकडी करतात. करू देत.

ताई आता नाशिकला असते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून पाण्यात फारशी उतरत नाही, पण फोनवर तलावाचीच चौकशी आधी करते. मी आभाराचं काही काढलं की विषय बदलते. परवा मी एका बुजऱ्या मुलीचं कौतुक सांगत होते, की तिचा झेल आता पक्का झालाय. ताईने मला मध्येच तोडलं. ‘‘उजव्या हाताचा ना? डाव्याचं काय? तुझा डावा मी अर्धाच सोडला होता. तिचा सोडू नकोस.’’