यंदाचं वर्ष तुमचं

कुडाळ,
5 जुलै 2026

चि. सौ. मृण्मयीस,


परवा फोनवर म्हणालीस, "वैनी, मला फक्त यादी पाठवा, बाकी मी बघते." यादी सोबत आहे. नारळ, तांदूळ, गूळ, काळे वाटाणे, सगळं त्यात आलं. पण चाळीसेक माणसं एका छपराखाली आली की जे व्हायचं ते यादीत मावत नाही, म्हणून हे पत्र. निवांतपणी वाच. भाऊजींना वाचायला दिलंस तरी चालेल, दोन ठिकाणी त्यांच्याबद्दलही आहे.

यंदा अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यामुळे चतुर्थी लांबली आहे, 14 सप्टेंबरला. गेल्या वर्षी ती 27 ऑगस्टलाच होती. ही लांबण तुमच्या पथ्यावर पडली असं समज. पावसाचा जोर थोडा तरी उतरलेला असेल, आणि गणपतीवरच्या माटवीला टांगायची रानफळं तयार असतील. गाडीचं मात्र आजच बघा. पूर्वी आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 वर आलं आहे. म्हणजे 11 सप्टेंबरच्या गाडीसाठी 13 जुलैला सकाळी आठच्या ठोक्याला भाऊजींनी मोबाईल घेऊन बसायला हवं. आठ वाजून पाच मिनिटांनी बसले तर महामार्गाचे खड्डे आहेतच.

तुझ्या मनात एक प्रश्न आहे हे मला ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीलाच तू विचारला होतास, तेव्हा मी हसण्यावारी नेला. ही सगळी माणसं इतकी भांडतात तर मग येतात कशाला?

लोक सांगतात, गावची ओढ, मातीची माया. असेलही. पण मायेवर घर चालतं यावर माझा विश्वास नाही. माया कुणाला दोन वर्षं असते, तिसऱ्या वर्षी बांधावरून वाद होतो आणि आटते. आपलं घर चालतं ते वर्षावर. गणपती एकच, मूळ घरातला. चुली चार. दरवर्षी एका चुलीने वर्ष उचलायचं आणि बाकीच्या तिघांनी येऊन राबायचं. मधले भाऊजी आणि आप्पाकाकांचा थोरला यांच्यात कुंपणावरून बोलणं बंद आहे हे तू बघितलंसच. तरीही मधले भाऊजी दरवर्षी येतात, कारण पुढे त्यांचं वर्ष यायचं असतं आणि त्या वर्षी पाट उचलायला थोरला लागणार असतो. प्रेम नसलं तरी चालतं, मृण्मयी. नंबर लागलेला असला की पुरे.

ही वहिवाट कुणी बसून ठरवलेली नाही, गरजेतून आली. आपल्याकडचे पुरुष गिरणीत. लालबाग-परळच्या खोल्यांत दाटीवाटीने राहायचे, आणि वर्षातून शिमग्याला नाही तर चतुर्थीला घरी यायचे. बायका, म्हातारी माणसं आणि शेती इथे. दिवा लावणारा एक आणि पैसे पाठवणारा दुसरा, अशी घरं. मग देव कुणाचा? दोघांचा. म्हणून वर्षं वाटून घेतली. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचा पगार गेला, पुष्कळांच्या खोल्याही गेल्या, तरी वर्ष कुणी सोडलं नाही. सासूबाई सांगायच्या की संपाच्या त्या चतुर्थीला मोदकांना गूळ उधारीवर आणला होता. 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि येणं सोपं झालं. सोपं झाल्यावर तक्रारी वाढल्या, ही माझी आपली टिप्पणी. बोनेट धरून रात्रभर एसटीत आलेला माणूस न्हाणीघराबाहेरच्या रांगेबद्दल बोलत नसे.

आता पैशाचं. तू फोनवर सुचवलंस की माणशी वर्गणी ठरवावी, म्हणजे न्याय होईल. हिशेबाने तुझं बरोबर आहे. सुमनकाकू एकटी, आणि तिने सहा माणसांच्या चुलीइतकेच पैसे का द्यावेत? पण माणशी हिशेब लावलास की मोजदाद सुरू होते. कुणाचा जावई दोन दिवसच होता, कुणाचं पोर अजून दुधावर आहे, कुणाची मैत्रीण जेवून गेली तिचे कोण देणार. आला-गेला पाहुणा जड व्हायला लागतो. चुलीमागे पैसे असले की पानावर कोण बसलं हे कुणी विचारत नाही. सुमनकाकूचं म्हणशील तर तिचा वाटा भरतोच कुणी ना कुणी, आणि तो कोण भरतो हे तिला कळत नाही. तुलाही मी सांगणार नाही. तुमच्या ग्रुपवर माणशी वर्गणीचा तक्ता टाकू नकोस एवढंच.

स्वयंपाकाला माणूस लाव, त्याला माझी ना नाही. गावातल्या दोघीतिघी दुपारच्या पंगतीपुरत्या येतात, त्यांना आत्ताच सांगून ठेव. चतुर्थीला पाच भाज्या, काळ्या वाटाण्यांचं सांबार, वडे, मोदक. दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी. तिला बैलाच्या श्रमाचं काही चालत नाही, अळू, माठ, सुरण, पडवळ असं परसातलंच. हे सगळं त्या डोळे मिटून करतील. मोदक मात्र घरच्यांनीच वळायचे. बाहेरचे वाईट असतात म्हणून नव्हे. उकड गरम असताना मळायची असते, हात भाजतात, तेव्हा सगळ्याजणी एका ताटाभोवती बसतात आणि वर्षभर जे फोनवर बोलता येत नाही ते तिथे निघतं. गेल्या वर्षी धाकट्या नणंदेने नोकरी सोडल्याचं आम्हाला पंधराव्या-विसाव्या मोदकाशी कळलं. तिच्या नवऱ्याला तेव्हा माहीत नव्हतं.

पुरुषांना काम लाव. ही गोष्ट मला माझ्या वर्षांत नीटशी जमली नाही, कारण सासूबाई होत्या. तुला कुणी अडवणार नाही. माटवी बांधतात ते खरं. कवंडळं, शेरवडं, कांगल्या, सुपारीची शिपटं, नारळाची पेंड, तवसं हे सगळं रानातून-परसातून आणून सुंभाने टांगायला अर्धा दिवस जातो आणि ते मन लावून करतात. पण तेवढ्या अर्ध्या दिवसाच्या पुण्याईवर उरलेले दिवस पडवीत पत्ते. रात्रीच्या भजनाला येणाऱ्या मंडळींचा चहा आणि उसळ त्यांच्याकडे दे. बारा वाजता वीसजण टाळ-पखवाज घेऊन खळ्यात आले की आम्ही झोपेतून उठून चूल पेटवायची, ही प्रथा आता बास. भाऊजींना उसळ येते. लग्नाआधी मुंबईच्या खोलीत तेच करायचे. विचार त्यांना.

आणखी एक, बायकांपुरतं. अडचण आली तर येऊ दे. गोळ्या घेऊ नकोस आणि कुणाला घ्यायला लावूही नकोस. आमच्या वेळी घ्यायचो, पुढे कितीतरी महिने त्याचा त्रास काढायचो. देवघर सोडून घरात शंभर कामं आहेत. कुणी कुजबुजलंच तर माझं नाव सांग.

गौरीचं तुला आता ठाऊक आहे. पहिल्या वर्षी मटणाचा वास आला तेव्हा तुझा चेहरा मी विसरलेले नाही! तुमच्याकडे महालक्ष्म्यांना पुरण आणि आंबील, आणि आमची गवर तिखटाची. आल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी वडे-मटण. ती माहेरवाशीण आहे, माहेरी मुलगी आली की आपल्याकडे जे करतात ते तिला. पुरणाची पोळी करावीशी वाटली तर कर, तिलाही बदल हवा असेल. यंदा थोरल्याच्या सुनेचा पहिला ओवसा आहे. सुपं बाजारात ऐनवेळी मिळत नाहीत, आधी सांगून ठेव, आणि ती भांबावणार नाही अशी तिच्याजवळ उभी राहा. डोक्यावर पदर, हातात भरलेलं सूप, समोर रांगेने बसलेल्या सासवा, आणि त्यातली कुठली चुलत, कुठली मावस, हे माहीत नाही. मागून हळूच नाती सांगत जा.

आता गाऱ्हाण्याविषयी, कारण तुला ते दरवेळी लांबलेलं वाटतं. पहिल्या नैवेद्याला आप्पाकाका हात जोडून उभे राहतात, सगळं घर मागे, आणि ते देवाशी मालवणीत बोलायला लागतात. प्रत्येक वाक्याला मागून "व्हय म्हाराजा". तू नीट ऐकलंस का ते काय म्हणतात? चारी चुलींची नावं घेतात. कोण परदेशी आहे, कुणाची परीक्षा आहे, कुणाला मूल हवं आहे, कुणाचं काम सुटलं आहे. ज्यांचं बोलणं बंद आहे त्यांचीही नावं एका दमात, एकामागून एक, आणि त्या दोघांनाही सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणावं लागतं. मधले भाऊजी पुटपुटतात, थोरला जरा मोठ्याने म्हणतो. पण म्हणतात. आपल्या घरात घटस्फोट पहिल्यांदा उघडपणे बोलला गेला तो गाऱ्हाण्यात. काकांनी त्या मुलीचं नाव तिच्या माहेरच्या आडनावाने घेतलं, ती हयांच आसा, तिका सांभाळ म्हाराजा, असं म्हणाले, आणि विषय तिथे मिटला. त्यानंतर तिला कुणी "नवरा नाही आला?" विचारलं नाही.

2020 साली गावात येणाऱ्यांना दहा दिवस विलगीकरण होतं. चाकरमानी आलेच नाहीत म्हण ना. घरात काका, काकू, मी आणि हे. मूर्ती लहान आणली. काकांनी गाऱ्हाणं मात्र पुरतं घातलं, सगळी नावं घेऊन, आणि "व्हय म्हाराजा" म्हणायला मागे तिघंच. मी फोन धरून उभी होते, पण रेंज अशी की तुमचे आवाज चारपाच सेकंद मागून, तुकड्यातुकड्यांनी यायचे. काका थांबायचे. सगळ्यांचं म्हणून होईपर्यंत पुढचं नाव घेत नव्हते.

काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं यातच लिहिते. धाकट्या मंडळींचं म्हणणं, सगळे जमणारच आहेत, तर चतुर्थीतच एक दिवस उरकून टाकू. मला हे पसंत नाही. एक तर हिशेब जुळत नाही. पौर्णिमेपासून पौर्णिमा साधारण 29.53 दिवसांची. हजार पौर्णिमा म्हणजे 29,530 दिवस, म्हणजे 80 वर्षं आणि दहा महिने. काका फेब्रुवारी 1946 चे, म्हणजे डिसेंबर येतो. कुणी 81 पुरी झाल्यावरही करतात, पण आधी उरकत नाहीत. दुसरं, गणपतीत ते यजमान असतात. त्यांनी आयुष्यभर इतरांची नावं घेतली, एक दिवस त्यांना पाटावर बसवायचं तर तो दिवस दुसऱ्या कुणाचा नको, देवाचाही नको. आणि तिसरं म्हणजे सुतक. एवढ्या मोठ्या भावकीत कुणाचं सोयर, कुणाचं सुतक कधी येईल सांगता येत नाही. गणपतीचं निभावतं, एका वर्षी ऐन हरितालिकेला सुतक आलं तेव्हा नणंदेच्या मुलाने, गोत्र वेगळं म्हणून, पूजा केली. काकांचा दिवस भाच्याकडून करून घेता येणार नाही.

डिसेंबरात भात घरात आलेलं असतं, हवा कोरडी, पोरांना नाताळची सुट्टी, आणि गावोगाव जत्रा. दशावतार बघायला म्हणून तरी मुंबईचे येतील. गुळाची तुला करावी असं माझ्या मनात आहे, गूळ नंतर अंगणवाडीत देता येईल. काकूंना 81 दिव्यांचं ताट उचलवेल का ते बघायला हवं, दोघीजणी मदतीला लागतील. खर्च इथेही चुलीमागे. ग्रुपवर तू हे मांड, तुझं नाव असलं की पोरं ऐकतात. माझं नाव पाहिलं की अंगठा दाखवून मोकळी होतात.

येताना अंथरुणं आणू नका, गेल्या वर्षीच्या सोलापुरी चादरी मी उन्हं दाखवून ठेवल्या आहेत. उशा मात्र कमी आहेत. घोरणाऱ्यांना पडवीत, बाळंतिणीला माजघरात, बाकीच्यांना जिथे जागा दिसेल तिथे. कुणालाही स्वतंत्र खोली देऊ नकोस. एकाला दिलीस की तीन रुसतील. आणि रुसलेल्याच्या मागे लागू नकोस. जेवणाच्या वेळी फक्त त्याच्या नावाने एकदा हाक मार, मग पान वाढून ठेव.

मी या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन उरकून घेते आहे, म्हणून यंदा खुर्चीवर बसून मोदक वळेन. उठबस तुझ्याकडे.

भाऊजींना आशीर्वाद, पोरांना गोड पापा.

तुझी,
मोठी वैनी

ता.क. पाट नागपंचमीच्या आत गणपतीच्या शाळेत पोचायला हवा. तो माळ्यावर आहे, मागच्या बाजूला खिळ्याने कोरलेली खूण बघून घे, नाहीतर मूर्ती दुसऱ्याच्या पाटावर जाते. भाऊजींना एक रविवार पाठव. येताना त्यांनी पुण्याहून चांगल्या वातींचं पाकीट आणावं, इथल्या फार धूर करतात.