८८.३५ पूर्व

गेल्या पावसाळ्यात यादवपूरच्या आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं. त्या दिवशीचा पाऊस भाच्याच्या लॅपटॉपवर मात्र जवळजवळ शून्य.

हा मुलगा उपग्रहांनी टिपलेल्या पावसाच्या फायली घेऊन बसतो. नासाच्या ‘आयमर्ग’ संचात अख्खी पृथ्वी ०.१ अंशाच्या चौकटींत वाटलेली असते, ३६०० रेखांश आणि १८०० अक्षांश. कोलकात्याच्या चौकटीचा मध्य ८८.३५ पूर्व, रुंदी जेमतेम दहा किलोमीटर.

“मावशी, मी ग्रिनिचपासून मोजून ८८३ नंबरचा रकाना उचलला. गणित बरोबर आहे.”

गणित बरोबरच होतं, पण फाईल ग्रिनिचपासून सुरू होत नव्हती. काही फायली रेखांश ० ते ३६० असे साठवतात, काही उणे १८० ते अधिक १८०. हिचा पहिला रकाना उणे १७९.९५चा, त्यामुळे कोलकाता २६८३व्या क्रमांकावर. ८८३वर निघालं मेक्सिकोचं आखात! अक्षांश तोच, तिथेही उष्ण समुद्र, तिथेही वादळं; महिनाभर आकडे वाचून त्याला काही खटकलं नव्हतं. अनुवादात मी ज्यांना घाबरते त्या चुका अशाच असतात, वाक्य सुरळीत आणि गाव भलतंच.

रेखांशांची यादी फाईलमध्येच होती. त्याने ती उघडलीच नव्हती. पूर्वेकडचे आपण जरा गाफीलच असतो, कारण आपले ८८ दोन्ही पद्धतींत ८८च राहतात. न्यूयॉर्कचे उणे ७४ दुसरीकडे २८६ होतात, तिथला माणूस आधी तपासतो.

आई शेजारी भाजी निवडत ऐकत होती. “म्हणजे माझ्या दिनदर्शिकेसारखंच की,” ती म्हणाली.

तिची दिनदर्शिका मुंबईच्या वेळांची. घड्याळ देशभर एकच, ८२.५ अंशांवरचं, पण मुंबई आपल्यापेक्षा साडेपंधरा अंश पश्चिमेला आणि अंशाला चार मिनिटं, तेव्हा इथे चंद्र तासभर आधीच वर येतो. माझ्याकडे राहायला आल्यापासून सहा वर्षं दर संकष्टीला तिने तो तास उपाशी काढला होता.

जुना कलकत्ता टाइम ग्रिनिचच्या ५ तास ५३ मिनिटं २० सेकंद पुढे होता, यावरचा एक बंगाली लेख मीच मराठीत आणला होता. तळटीपांसकट. आईच्या ताटाशी त्याचा संबंध मला कधी सुचला नाही.

“अगं, मग सांगायचं नाहीस?” मी म्हटलं.

“चंद्र दिसायचा गं खिडकीतून. मला वाटायचं, इथला असेल वेगळा. मोदक तेवढे गार व्हायचे.”