पानांचे क्रमांक

एका यंत्रावर अनेक गेस्ट, म्हणजे आभासी यंत्रं, चालवणाऱ्या झेन या हायपरवायझरचा मेमरीचा कोड उघडला की आधी नावं घोकावी लागतात. एमएफएन म्हणजे यंत्रातल्या खऱ्या पानाचा क्रमांक. पीएफएन हा गेस्टला सलग दिसणाऱ्या मेमरीतला. जीएफएन गेस्टच्या पत्त्यांतला, आणि डीएफएन उपकरणांच्या डीएमएसाठी. त्यात पॅराव्हर्च्युअल, म्हणजे झेनची जाणीव असलेल्या, गेस्टचा जीएफएन म्हणजेच एमएफएन, तर एचव्हीएम, म्हणजे हार्डवेअरच्या आधाराने चालणाऱ्या, गेस्टचा जीएफएन म्हणजे पीएफएन. जुन्या कोडात ‘जीएमएफएन’ही भेटतो. तो यांपैकी नेमका कोणता, हे आजूबाजूच्या ओळी वाचून ठरवायचं.

कोडात हे सगळे साधे पूर्णांक. जमिनीच्या कागदावर सर्व्हे नंबरच्या जागी गट नंबर लिहिला तरी कागद तक्रार करत नाही, जमीन मात्र दुसऱ्याची निघते. सी भाषेचा कंपायलर असाच गप्प.

उपाय छान आहे. डीबग बिल्डमध्ये प्रत्येक क्रमांक आपापल्या स्ट्रक्टमध्ये गुंडाळायचा. जीएफएनच्या जागी एमएफएन दिला की कंपायलर अडवतो. रिलीज बिल्डमध्ये वेष्टण गळतं, उरतो नुसता आकडा. वेगावर काडीचा परिणाम नाही. हे आधीपासून का नव्हतं, असं मात्र वाटतं.

कोड नीटनेटका नसला की काय होतं, ते दुसऱ्या एका जागी दिसतं. पॅराव्हर्च्युअल गेस्टला स्वतःचं पेज टेबल, म्हणजे पत्त्यांचा नकाशा, थेट बदलता येत नाही, हायपरवायझर प्रत्येक बदल तपासतो. तपासणी महाग, म्हणून किरकोळ बदलांना आडवाट ठेवलेली. तिथेच घात झाला. २०१५ च्या एक्सएसए-१४८ या झेनच्या सुरक्षा-सूचनेतल्या दोषात मोठ्या पानाचा बिट या वाटेवर बघितलाच जात नव्हता. गेस्टला सगळ्या यंत्रावर ताबा मिळवता आला असता. ती चूक कित्येक वर्षं तिथेच होती. २०१६ मध्ये एक्सएसए-१८२, पुन्हा त्याच आडवाटेवर.

दुसऱ्या वेळची दुरुस्ती वाचण्यासारखी आहे. आधी ‘हे बिट बदलले तर तपासा’ अशी यादी होती. ती उलटी केली. आता ‘फक्त हे बदलले तरच तपासणी टाळा’. यादीत नसलेलं सगळं आपोआप तपासणीकडे जातं. कोड समजायला सोपा व्हावा, हेही कारण त्या पॅचमध्ये नोंदवलेलं आहे. तेव्हा नीटनेटकेपणा म्हणजे हौस, असं या कोडबद्दल तरी कुणी मला सांगू नये.

अशा नीटनेटकेपणाचे, म्हणजे नावं बदलण्याचे पॅच रिव्ह्यूला मात्र कंटाळवाणे. ‘वागणुकीत बदल नाही’ असं वर लिहिलेलं असतं, पण त्या वाक्यावर भिस्त ठेवू नये. आधीची आणि नंतरची बायनरी शेजारी ठेवून ताडून पाहावी. एखादा दोष सापडलाच, तर तो त्याच पॅचमध्ये न घुसडता वेगळा पाठवावा.