तीन क्रेडिट, दोन नावं

"मॅडम, हे सर्टिफिकेट दुसऱ्या बाईचं आहे."

या वाक्याला आता वर्ष होत आलं, तरी एसटी सणसरच्या जवळ आली की ते कानात वाजतं. त्या दिवशी परत येताना सणसरपर्यंत मी डोळ्यांतलं पाणी धरून ठेवलं होतं, तिथे ते सुटलं.

सासर इंदापूर तालुक्यात लासुर्ण्याला, कॉलेज बारामतीत. बारावीनंतर लगेच लग्न, मग दोन मुलं आणि सात वर्षांनी बी.ए.ला प्रवेश. सासूबाईंनीच 'जा' म्हटलं, नाहीतर हे झालंच नसतं. नव्या शैक्षणिक धोरणात पदवी म्हणजे क्रेडिटांची बेरीज असते आणि त्यातले काही क्रेडिट दुसऱ्या संस्थेकडून शिकूनही मिळवता येतात, हे पहिल्या वर्षी वर्गातच सांगितलं होतं. केंद्र सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम एका सत्रात चाळीस टक्क्यांपर्यंत धरता येतात. मिळालेले क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होतात. ही व्यवस्था 2021 साली आली. तिथला खाते क्रमांक बारा आकडी असतो, खातं आधारवरून उघडतं, आणि क्रेडिट सात वर्षांपर्यंत टिकतात. सात वर्षं हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. माझीही सातच वर्षं गेली होती, आणि कुणीतरी बाईच्या खंडाचा विचार केलाय असं वाटलं.

जानेवारीत 'स्वयम'वर 'एनपीटीईएल'चा बारा आठवड्यांचा, तीन क्रेडिटचा अभ्यासक्रम घेतला. कॉलेजची परवानगी आधीच काढली होती. दर आठवड्याची असाइनमेंट बुधवारी रात्री बाराच्या आत भरायची. सगळं इंग्रजीत. काही अभ्यासक्रमांची मराठी भाषांतरं आहेत, माझ्या विषयाचं सापडलं नाही. ऊसतोडीचे दिवस, भवानीनगरच्या रस्त्याला ट्रॉल्यांची रांग, बस तासभर अडकायची आणि मी कानात हेडफोन घालून एकच व्याख्यान तिसऱ्यांदा ऐकत बसायची. एक बुधवार धाकट्याच्या तापात गेला. परीक्षेची फी एक हजार रुपये होती, ती मी शिलाईच्या पैशातून भरली. केंद्र पुण्यात मिळालं. भल्या पहाटे हे मोटारसायकलवरून बारामतीच्या स्टँडवर सोडायला आले होते. पास झाले. डिजिलॉकरमध्ये तीन क्रेडिट दिसले तेव्हा सासूबाईंना मोबाईल दाखवला. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण देवापुढे साखर ठेवली.

आणि मग कॉलेजच्या कार्यालयातली ती खिडकी.

कॉलेजात माझं नाव बारावीच्या गुणपत्रिकेवरचं, म्हणजे माहेरचं. आधी आडनाव, मग माझं, मग वडिलांचं. लग्नानंतर रेशनकार्डासाठी आधार बदलून घेतलं, त्यावर माझं नाव, ह्यांचं नाव, सासरचं आडनाव. क्रेडिटचं खातं आधारवरून उघडलेलं, आणि सर्टिफिकेटही त्याच नावाचं. तीन शब्दांतला फक्त एक शब्द जुळतो. तो माझा.

मी लग्नाच्या नोंदणीचा दाखला पुढे केला. "हा लग्न झाल्याचा पुरावा आहे, नाव बदलल्याचा नाही." मी म्हटलं, फोटो बघा, जन्मतारीख बघा, दोन्हीकडे एकच आहे. "फोटोवर सिस्टीम चालत नाही." मग राजपत्र आणा, असं ठरलं. प्रतिज्ञापत्र झालं, अर्ज झाला, राजपत्रात नाव छापून आलं. ते घेऊन गेले तर सांगितलं, आता कॉलेजच्या नोंदीतलं नाव बदलायचा अर्ज विद्यापीठाकडे करा. पण मग बारावीच्या गुणपत्रिकेचं काय, ते कुणालाच सांगता येईना. माझ्यामागे उभ्या मुलाचे चार क्रेडिट तेवढ्या वेळात चढले. त्याचं नाव जन्मापासून एकच आहे.

'स्वयम'च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की तिथून मिळवलेल्या क्रेडिटला विद्यापीठाने नकार देऊ नये. मी ते पान छापून फाईलला लावलंय. नकार कुणी दिलेलाच नाही, असं मला खिडकीवरून सांगितलं गेलं. फक्त जुळत नाही. या शब्दाशी भांडायचं कसं?

खिडकीतल्या त्या माणसावर मी फार दिवस चिडून होते. आता तेवढी चिडत नाही. नाव न जुळणारं प्रमाणपत्र त्याने चढवलं आणि उद्या कुणी विचारलं, तर नोकरी त्याची जायची. दुसऱ्याच्या सर्टिफिकेटवर कुणी पदवी घेऊ नये, हे मलाही पटतं. पण मग मधूनच संताप उसळतो. आमच्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतं ही काही नवी गोष्ट नाही. ही व्यवस्था बांधताना ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, असं कसं झालं?

गावातल्या पोरी विचारतात तेव्हा मी सांगते, पदवी हातात येईपर्यंत आधारला हात लावू नका, सासरचे काहीही म्हणोत. सांगून झालं की वाईट वाटतं. आधार बदलून आणलं तेव्हा मीच किती हौसेने सगळ्यांना दाखवलं होतं. सासरचं आडनाव मला नकोय असं कधीच नव्हतं, आजही नाही.

या जुलैला दुसरा अभ्यासक्रम घेतला. तुकोबांची पालखी नुकतीच बेलवाडी-लासुर्ण्यावरून पुढे गेली होती, घरात पाहुणे होते, त्या गडबडीत फॉर्म भरायला बसले. नाव लिहायच्या चौकटीत बोट थांबलं. माहेरचं लिहिलं तर परीक्षेच्या दारात आधार जुळत नाही. सासरचं लिहिलं तर कॉलेजात जुळत नाही. सासूबाई मागून आल्या, म्हणाल्या, "अगं, भर की. मुदत संपंल."

सासरचं लिहिलं आणि फी भरली. विद्यापीठाकडचा अर्ज अजून तसाच आहे. राजपत्राच्या चार झेरॉक्स पिशवीत असतात, बुधवारी बारामतीला जाते तेव्हा एक खिडकीवर पुन्हा देऊन येते.